ड्रिब्लिंग नाही, स्पीड नाही, सारखा ऑफसाइड: इंझागीचं 'नशीब' शिकता येतं का?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांना पण कळावं म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तू 19 वर्षांचा, कॉलेजच्या टीमचा स्ट्रायकर, ड्रिब्लिंग बेताचं, स्पीड पण बेताचा, मागच्या मॅचला सहा वेळा ऑफसाइड धरला गेलास (म्हणजे आपल्या माणसाचा पास सुटताना समोरच्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढं गोलकडं सापडलास) आणि कोच म्हणाले की आता तू राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा डिफेंडर, खेळ. त्यात तू इटलीचा जुना स्ट्रायकर फिलिप्पो इंझागी ह्याचे व्हिडिओ बघितलेस आणि तुझ्या डोक्यात आलं की ह्याला तर काहीच येत नव्हतं असं सगळे म्हणतात, मग हा एवढे गोल मारून गेला कसा, ते नशीब होतं का, आणि नशीब नसेल तर मला ते शिकता येईल का.

मी कोल्हापुरात बावीस वर्षं पोरांना कोचिंग करतोय, त्यातला बराच वेळ नुसता फॉरवर्ड्सबरोबर गेलाय, आणि इंझागी हा माझा अतिशय आवडता खेळाडू. त्यामुळं उत्तर लांबणार आहे, सवडीनं वाच.

पहिली गोष्ट म्हणजे नशीब का टॅलेंट हा तुझा खरा प्रश्नच नाहीये. नव्वद मिनिटांच्या मॅचमध्ये स्ट्रायकरच्या पायात बॉल सगळा मिळून दोन मिनिटं पण नसतो. तू लिहिलंयस ते सगळं त्या दोन मिनिटांबद्दल आहे, ड्रिब्लिंग, टच, शॉट. उरलेल्या अठ्ठ्याऐंशी मिनिटांत तू कुठं उभा असतोस, कुणाकडं बघतोस, कधी पळतोस ह्याबद्दल तुझ्या पोस्टमध्ये एक ओळ नाही. इंझागीचं सगळं करिअर त्या अठ्ठ्याऐंशी मिनिटांत घडलंय. व्हिडिओत शेवटचे तीन सेकंद दिसतात म्हणून ते नशीब वाटतं.

आता त्याचं करिअर बघ, कारण त्यात तुझ्या वयाचा भाग पण आहे. जन्म 9 ऑगस्ट 1973, गाव पिआचेन्झा. धाकटा भाऊ सिमोने, तो पण स्ट्रायकर, पुढं लॅझिओ आणि इंटरचा कोच झाला. फिलिप्पो, म्हणजे पिप्पो, 19 वर्षांचा असताना लेफ्फे नावाच्या बेर्गामोजवळच्या एका छोट्या क्लबला लोनवर गेला होता, तिसऱ्या डिव्हिजनला. तिथं 21 मॅचमध्ये 13 गोल. मग वेरोनाला सेरी बी मध्ये, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनला, आणखी 13, मग परत पिआचेन्झाला येऊन 15 आणि टीम वर सेरी ए मध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या डिव्हिजनला. इथपर्यंत सगळं छान चाललेलं. मग 1995 ला पार्माला गेला आणि तिथं लीगमध्ये 15 मॅच, 2 गोल. बस्स. त्या टीममध्ये झोला होता, स्टोइचकोव्ह होता, अस्प्रिया होता, ह्याला जागा मिळणार कुठून. वर्षभरात त्याला सोडून दिलं. पुढच्याच सीझनला, 1996-97 ला, अटलांटाकडून लीगमध्ये 24 गोल आणि सेरी ए चा टॉप स्कोअरर! पोरगा तोच, पाय तेच, एका उन्हाळ्यात काही ड्रिब्लिंग शिकला नाही तो. बदललं एवढंच की तिथं तो टीमचा मुख्य स्ट्रायकर होता आणि तो पळाला की बॉल टाकणारी माणसं होती.

हे आधी सांगतोय कारण ह्यात बरंच परिस्थितीवर असतं आणि ते मला कबूल करायलाच पाहिजे. इंझागी स्वतः गोल बनवणारा नव्हता, तो गोल संपवणारा होता. अटलांटानंतर तो युव्हेंटसला गेला, तिथं त्याच्यामागं झिदान आणि देल पिएरो होते, आणि मग मिलानला पिर्लो, रुई कोस्टा, सीडॉर्फ आणि ब्राझीलचा काका. तुझ्या टीममध्ये मान वर करून बघणारा एक जरी मिडफिल्डर नसेल तर तू कितीही चांगला पळ, बॉल येणारच नाही आणि लोकांना वाटेल हा नुसता फिरतोय. तेव्हा आधी स्वतःला विचार की माझी धाव बघणारा कुणी आहे का. असेल तर प्रॅक्टिसनंतर त्याच्याबरोबर रोज वीस मिनिटं घालव. नसेल तर मात्र कोच काय म्हणतात त्यात तथ्य असू शकतं.

आता ऑफसाइड. मँचेस्टर युनायटेडचे कोच फर्ग्युसन म्हणाले होते म्हणे की हा पोरगा ऑफसाइडमध्येच जन्माला आलाय. लोक हसतात आणि सोडून देतात. पण तो एवढ्या वेळा तिथं का सापडायचा ह्याचा विचार कुणी करत नाही. कोच साक्कीच्या मिलाननंतर इटलीत बऱ्याच टीम सरळ रेषेत बचाव करायला लागल्या, चार जण एका लाइनीत, लाइन वर ओढायची आणि स्ट्रायकरला मागं अडकवायचं. त्यात 1990 ला नियम बदलला आणि शेवटून दुसऱ्या डिफेंडरच्या बरोबरीत असलेला खेळाडू ऑनसाइड धरायला लागले, त्याआधी बरोबरीत असला तरी ऑफसाइड होता. ह्या बदलाचा अर्थ इंझागीला फार चांगला कळला. त्यानं त्या लाइनीवरच संसार मांडला. लाइनीच्या दोन मीटर अलीकडं उभा राहिला असता तर एकदाही ऑफसाइड झाला नसता, आणि गोल पण झाले नसते.

हिशोब करून बघ. डिफेंडर वर येतोय समज सेकंदाला पाच मीटरनं आणि तू उलट्या दिशेनं गोलकडं जातोयस पाच मीटरनं, म्हणजे तुमच्यातलं अंतर सेकंदाला दहा मीटरनं बदलतंय. सेकंदाचा दहावा भाग जरी तू लवकर सुटलास तरी एक मीटर ऑफसाइड. तेवढाच उशिरा सुटलास तर डिफेंडर तुझ्यापुढं. सगळा खेळ ह्या दहाव्या भागाचा आहे, तेव्हा चार-पाच वेळा चुकणार हे धरूनच चालायचं. सहा वेळा ऑफसाइड झालास हा आकडा नुसता काही सांगत नाही. आठ धावांत सहा का वीस धावांत सहा? आणि कसा झालास? पास निघायच्या आधी सुटलास, का आधीच्या मूव्हमधून परत यायचा कंटाळा केलास? पहिली चूक टायमिंगची, ती सुधारते. दुसरी आळसाची, तिला माझ्याकडं माफी नाही.

इंझागी काय करायचा ते दोन गोलांवरून सांगतो, दोन्ही एकाच मॅचमधले, 23 मे 2007, अथेन्स, चॅम्पियन्स लीग फायनल, समोर लिव्हरपूल. त्या सीझनला लीगमध्ये त्याचे गोल होते फक्त 2. वय 33. तरी मिलानचा कोच आन्चेलोत्तीनं दुसरा स्ट्रायकर जिलार्दिनो ह्याला बसवून इंझागीला खेळवलं. हाफटाइमच्या तोंडावर बॉक्सच्या बाहेर फ्री किक, पिर्लो मारतो, आणि बॉल इंझागीच्या दंडाला-खांद्याला लागून दिशा बदलतो, लिव्हरपूलचा गोली रेइना एकीकडं आणि बॉल दुसरीकडं. नशीब म्हणशील. पण पिर्लोनं मारलं तेव्हा बाकीचे बघत होते की आता काय होतंय, आणि हा वॉलच्या (फ्री किक अडवायला उभ्या डिफेंडरांच्या भिंतीच्या) जवळून आत घुसत होता. तिथं नसता तर लागलाच नसता.

दुसरा गोल 82 व्या मिनिटाला, तो तू आजच बघ, पण बॉलकडं बघू नकोस. काका मधोमध बॉल घेऊन येतोय. त्याच्यापुढं डिफेंडरांची लाइन आणि त्या लाइनीत इंझागी. तो सरळ गोलकडं पळत नाही, आधी लाइनीला धरून आडवा सरकतो, म्हणजे अंगात वेग आलाय पण लाइन ओलांडलेली नाही. काकाचा पाय बॉलला लागतो आणि त्याच क्षणी ह्याची आडवी धाव उभी होते. डिफेंडरला जागेवरून वळून पळायचंय, ह्याला फक्त वळायचंय. मग रेइना पुढं येतो, हा बॉल त्याच्या बाजूनं काढतो आणि कोपऱ्यातून जमिनीलगत आत सरकवतो. ह्यात ड्रिब्लिंग कुठंय? एक टच गोलीला चुकवायला आणि दुसरा आत ढकलायला. मॅच 2-1.

ही आडवी धाव म्हणजेच तुला हवं असलेलं उत्तर आहे. ज्याच्याकडं मोठा स्पीड नाही त्यानं उभ्याउभ्या सुटायचंच नाही. आडवं पळत वेग आधी घ्यायचा, मग फक्त दिशा बदलायची. माझ्याकडं शंभर मीटरला टीमच्या स्टॉपरपेक्षा (मधल्या डिफेंडरपेक्षा) सरळ सरळ हळू असलेली पोरं हे शिकल्यावर त्याच स्टॉपरला मागं टाकताना मी डोळ्यांनी बघितलीत.

मी हे कसं शिकवतो ते सांगतो. बॉक्सच्या बाहेर साधारण दहा मीटरवर चुन्याची एक आडवी रेघ मारायची. रेघेवर दोन डिफेंडर. पास देणारा पंचवीस मीटर लांब. पहिले आठ-दहा दिवस डिफेंडरनं फक्त उभं राहायचं, अडवायचं नाही. स्ट्रायकरनं रेघेला धरून आडवं सरकायचं आणि नजर पास देणाऱ्याच्या पायावर. त्यानं बॉल थोडा पुढं ढकलला, मान वर केली आणि मारायचा पाय मागं गेला, ही तुझी घंटा. पाय मागं गेला की वळायचं, बॉल सुटला की रेघ ओलांडायची. दुसरी गोष्ट, मी गोलच्या बाजूला उभा राहून बोटं वर धरतो, कधी दोन, कधी चार, आणि स्ट्रायकरनं पास यायच्या आधी मागं बघून आकडा ओरडायचा. आकडा चुकला तर तो गोल धरत नाही, कितीही भारी मारलेला असू दे. पोरं सुरुवातीला वैतागतात. एका सतरा वर्षांच्या पोरानं पहिल्या दिवशी बारापैकी एकच आकडा बरोबर सांगितला, म्हणजे अकरा वेळा हा मागं न बघताच पळत होता, आणि स्वतःला वाटत होतं की मी बघतोय! तीन आठवड्यांनी तोच पोरगा मला म्हणाला, सर, आता मला गोली पुढं आलाय का मागं आहे ते बॉल यायच्या आधीच माहीत असतं. त्याच्या टचमध्ये काहीच फरक पडला नव्हता. वेळ मात्र अर्धा सेकंद जास्त मिळायला लागला होता.

आणि डिफेंडरच्या नजरेबाहेर उभं राहायला शिक. स्टॉपरला एकाच वेळी बॉल आणि माणूस दोन्ही बघायचं असतं. तू त्याच्या समोर उभा राहिलास तर त्याचं काम सोपं. त्याच्या पाठीमागच्या खांद्याला उभा राहिलास तर तुला बघायला त्याला मान वळवावी लागते, आणि मान वळवली की बॉल दिसत नाही. इंझागी हे नव्वद मिनिटं करायचा. कधी कधी मुद्दाम ऑफसाइड जागेत उभा असायचा, बॉल लांब असताना त्यात काहीच गुन्हा नाही, आणि पास निघायच्या बेताला दोन पावलं परत येऊन लाइनीत. तोपर्यंत डिफेंडर त्याला विसरलेला असायचा.

फिनिशिंगबद्दल फार लिहीत नाही. त्याचे गोल गुडघ्यानं, नडगीनं, पोटानं, कसेही झालेत आणि प्रत्येक गोलनंतर तो असा पळायचा जसा आयुष्यातला पहिला गोल आहे. तू लांबून शॉट मारायची प्रॅक्टिस थोडी कमी कर आणि सहा यार्डांच्या आतले वेडेवाकडे बॉल एका टचमध्ये आत ढकलायची वाढव. गोलीनं सोडलेला बॉल, पोस्टला लागून आलेला बॉल, कुणाच्या तरी पायातून निसटलेला बॉल. शॉट कुणीही मारू दे, तू दर वेळी रिबाउंडला जायचंसच. दहातल्या नऊ वेळा काही मिळणार नाही.

इथपर्यंतचं थोडक्यात: लाइनीवर राहा, आडवा पळ, पास देणाऱ्याचा पाय बघ, मागं बघत राहा, आणि ऑफसाइड झालास तर का झालास ते लिहून ठेव.

आता तुझ्या बाजूनं नसलेल्या दोन गोष्टी. एक, तुझ्या मॅचला व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफरी, नाही. सेरी ए मध्ये तो 2017 पासून आलाय आणि इंझागीच्या वेळी नव्हता, त्यामुळं त्याचे काही गोल आज रद्द झाले असते आणि चुकीनं झेंडा दाखवलेले काही परत मिळाले असते. तुमच्याकडं लाइन्समन बऱ्याचदा लाइनीत उभाच नसतो, दहा मीटर मागून बघतो, आणि बारीक फरक असेल तर झेंडा वर जातो. म्हणून तू पाव मीटर हातचा ठेव. रेफरीशी भांडू नकोस, त्यानं तुझं नाव तेवढं खराब होतं. दोन, आजच्या खेळात स्ट्रायकरनं प्रेसिंग करायचं असतं, म्हणजे बॉल गेला की समोरच्यावर धावून जायचं. 2007 च्या मिलानमध्ये इंझागी एकटा पुढं असायचा आणि मागं गाटुझो, आंब्रोसिनी, पिर्लो, सीडॉर्फ धावपळीचं सगळं ओझं उचलायचे. तुला अशी चैन मिळणार नाही. बॉल गेल्यावर पहिली दहा पावलं तू पळालास तर कोच तुझे चार ऑफसाइड पोटात घालतील.

स्वार्थीपणाबद्दल तू विचारलंयस. 2006 च्या वर्ल्ड कपला चेक रिपब्लिकविरुद्ध तो बदली म्हणून आला, शेवटी एकटा सुटला, बाजूला टीममधलाच बारोने मोकळा पळतोय, आणि ह्यानं पास न देता गोली पीटर चेकला चुकवून स्वतः मारला. 2-0. मी माझ्या पोरांना सांगतो की तिथं पास द्या. पण हेही सांगतो की बॉक्समध्ये शंका आली तर मारा, कारण शंकेत दिलेला पास बहुतेक वेळा अर्धवट जातो. 1998 च्या वर्ल्ड कपला ऑस्ट्रियाविरुद्ध बाज्जोच्या गोलचा पास ह्यानंच दिला होता, तेव्हा पास येतच नव्हता असं नाही.

दुखापतीचं पण बोललं पाहिजे, कारण असला खेळ गुडघे आणि घोटे खातो. मिलानला आल्याबरोबर त्याचा गुडघा गेला. 2003 ते 2005 जवळजवळ वाया गेली, 2004-05 ला लीगमध्ये 11 मॅच आणि शून्य गोल, आणि 2005 ची इस्तंबूलची चॅम्पियन्स लीग फायनल तो खेळला नाही. वय तेव्हा 31. लोकांनी संपला म्हणून सोडून दिलेलं. पुढच्या सीझनला लीगमध्ये 12 गोल आणि वर्ल्ड कपच्या टीममध्ये जागा. नोव्हेंबर 2010 ला रेआल माद्रिदविरुद्ध सान सिरोवर बदली म्हणून येऊन दोन गोल मारले, वय 37, आणि त्यानंतर आठवड्याभरात गुडघ्याचं लिगामेंट तुटून सीझन संपला. तरी परत आला. खाणं वर्षानुवर्षं तेच, साधा पास्ता आणि थोडं सुकवलेलं मांस, झोप वेळेवर. 13 मे 2012 ला मिलानची जर्सी घालून शेवटची मॅच खेळला, नोव्हाराविरुद्ध, 1-1 असताना आत आला, सीडॉर्फचा लांब पास डिफेंडरांच्या मागं छातीवर घेतला आणि गोल. तो गोल बघताना मी रडलो होतो. अडतिसाव्या वर्षी सुद्धा तो पास सुटेपर्यंत लाइनीवर थांबला होता.

आकडे हवे असतील तर सेरी ए मध्ये 156, युरोपातल्या क्लब स्पर्धांमध्ये 70, इटलीसाठी 57 मॅचमध्ये 25. नशीब एका मॅचला साथ देतं, फार तर एका सीझनला. सेरी ए मध्ये 370 मॅच देत नाही.

आता कोच म्हणतात त्या राइट बॅकचं. मी पण एकदा हेच केलंय म्हणून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एक पोरगा सारखा ऑफसाइड व्हायचा, मला वाटलं ह्याला डोकं नाही, मी त्याला मागं टाकला. त्याच्या धावा बरोबर होत्या, आमचा मिडफिल्डर पास उशिरा सोडत होता. हे मला कळलं तोपर्यंत त्यानं खेळणं सोडलेलं. ती चूक माझी होती आणि अजून सलते. त्यामुळं तुझ्या कोचला मी न बघता चूक म्हणणार नाही आणि बरोबर पण म्हणणार नाही. तू एक कर, दोन महिने राइट बॅक खेळ, मनापासून खेळ. स्टॉपर कुठं बघतो, कुणाला विसरतो, लाइन कधी वर ओढायची ते कोण ओरडतं, हे तिथून जेवढं दिसतं तेवढं पुढून कधीच दिसत नाही. पण प्रॅक्टिसनंतरची वीस मिनिटं, रेघ आणि तो पास देणारा दोस्त सोडू नकोस. आणि कोचना सरळ सांग की सर, दोन महिन्यांनी एक मॅच मला पुढं द्या.

त्या मॅचचा व्हिडिओ कुणाला तरी गॅलरीतून काढायला सांग, पूर्ण मैदान दिसेल असा, नुसता बॉलमागं फिरवलेला नको. तू किती धावा केल्यास, किती वेळा मागं बघितलंस आणि प्रत्येक ऑफसाइडला मिडफिल्डरचा पाय कुठं होता, एवढं मोजून इथं टाक, मी बघून सांगतो.